पुन्हा उतरलेली बॅटरी

“फिरवत जा हो तिला, बसून राहिलं की गाडीचंही अंग आखडतं,” बायको म्हणायची. म्हणून ती वारल्यावरही म्हातारा रोज सकाळी गाडी लांबवर फिरवून आणी. तरी बॅटरी उतरायची ती उतरायचीच. आजही मेकॅनिकने दुसऱ्या बॅटरीवरून इंजिन चालू केलं, मीटर लावला. अल्टरनेटर झकास चार्ज करत होता. “काका, नवी कोरी बॅटरी, तीही माहेरी पळाली!” तो हसला, मग डोकं खाजवत म्हणाला, “भरते नीट, पण उभ्या गाडीत संपते. वायरिंगमध्येच गळती असणार. सगळं उसवण्यापेक्षा विकून टाका.” म्हाताऱ्याने शेजारच्या सीटवरची धूळ झटकली, धूळ नव्हतीच. “वायरिंगला बोल लावू नकोस, बाबा,” तो अखेर म्हणाला. “दिवेलागणीला घर खायला उठतं. मग पुढचे दिवे लावून गाडीत बसतो आम्ही, कुठेतरी निघाल्यासारखे...” त्याने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. “म्हणजे, मी बसतो.”