आंबट आधी

व्हिनेगरची बाटली सुनेने उकळत्या घेवड्यावर उलटी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत सरळ केली नाही. सासूबाई आतल्या खोलीत पाहुण्यांसाठी तयार होत होत्या. सासऱ्यांच्या निवृत्तीचे जेवण होते. "आज तू चुलीपाशी येऊ नकोस बाई, मोठी माणसं यायचीत," असे त्यांनी सकाळीच बजावले होते.

बेकन घालून मंद आचेवर भाजलेला पांढरा घेवडा ही त्या घराची कीर्ती होती. मुख्य पदार्थ कोणताही असो, पाहुण्यांचा हात प्रथम त्या कडेच्या वाडग्याकडे वळे. सून या घरात आली, तेव्हा सासूबाईंनी तिला शेजारी बसवून कृती सांगितली होती : आंबट आधी घालायचे, दाणे त्यातच शिजतात. सुनेने ती गुरुवाक्यासारखी पाळली. तिचा घेवडा कधी म्हणून मऊ झाला नाही. आणि दर खेपेस, भरल्या टेबलापाशी, सासूबाई गोड हसून म्हणत, "सूनबाईंच्या हातचं खायचंय? मग आधी दातांच्या डॉक्टरांना विचारून या हो!" सारे हसत. सुनेचा नवराही हसे.

परवा शेजारणीच्या स्वयंपाकघरात घेवडा रटरटत होता. सुनेने सहज विचारले, "व्हिनेगर घातलंत?"

"इतक्यात? अगं, दाणा बोटानं चेपला की मगच आंबट. आधी घातलं तर जन्मात शिजायचा नाही. एवढंही सांगितलं नाही तुला कुणी?"

सून तशीच घरी परतली. त्या क्षणी तिच्या अंतःकरणात जे पेटले, ते तिने राखेखाली निगुतीने जपून ठेवले होते.

सासूबाई तयार होऊन स्वयंपाकघरात परत आल्या. डावाने एक दाणा काढून त्यांनी बोटांत धरला, दाबला. क्षणभर थांबल्या. पण वृद्धेने दाणे उपसून मातीच्या भांड्यात ओतले, टोमॅटो, काकवी आणि मोहरी घातली, वर बेकनच्या पट्ट्या अंथरल्या आणि भांडे ओव्हनमध्ये सारले. म्हातारीच्या बोटांची जाण गेली, असे सुनेने ताडले आणि ती मनोमन प्रसन्न झाली.

टेबल भरले. पहिला घास सासऱ्यांच्या धाकट्या भावाने घेतला. कट्‌ असा आवाज झाला.

"वहिनी," गाल धरून ते म्हणाले, "हे दात अजून माझे स्वतःचे आहेत. जपून वापरावे म्हणतो!"

टेबल खदखदून हसले. सुनेने मान वर केली. सासूबाईंचा चेहरा असा काळवंडलेला पाहण्यासाठीच ती इतकी वर्षे जगली होती, असे तिला वाटले. सासूबाईंनी दृष्टी ताटावर खिळवली. "चुकलंच आज," त्या हळूच म्हणाल्या. "वय झालं माझं." सुनेने आपल्या वाडग्यातला एकेक टणक दाणा दाढेखाली फोडून चवीने खाल्ला. इतके गोड तिला त्या घरात आजवर काही लागले नव्हते.

पाहुणे बाहेरच्या खोलीत गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी दार लोटून घेतले. सून उष्टी भांडी घासत होती. तिने वळूनही पाहिले नाही.

"मीच ओतलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझं हसं केलंत ना चारचौघांत? आज तुमची पाळी. आणि खरं सांगते, उद्याही ओतीन."

सासूबाईंनी आपल्या कमरेचा एप्रन सोडला. तो सुनेच्या कमरेला गुंडाळून, मागे गाठ मारताना, तिच्या कानाशी त्या पुटपुटल्या,

"किती उशीर लावलास गं! मी माझ्या सासूच्या भांड्यात पहिल्याच हिवाळ्यात ओतलं होतं."