डाव्या बुटाची लेस

पॅरिसात आमचं जेवणाचं टेबल म्हणजेच बास्तियाँचं कामाचं टेबल. माझा हा नवरा नदीकाठच्या पुस्तकवाल्यांकडून साठ वर्षांपूर्वीची मासिकं आणतो, त्यांतल्या चित्रांतली माणसं कातरतो आणि भलत्याच जागी खळीने चिकटवतो. नेम एकच, स्वतःच्या हाताने एक रेघही ओढायची नाही.

त्या दुपारी त्याने समुद्राच्या तळाशी एक पाठमोरी मुलगी चिकटवली. तिच्या डाव्या बुटाची लेस सुटलेली होती.

आमची लेक नोएमी, मी एका बुटाची लेस बांधून दिली की हसत दुसऱ्याची सोडायची, मी आणखी थोडं तिच्या पायाशी बसावं म्हणून. गेल्या हिवाळ्यात तिला शवपेटीत ठेवताना डावी बांधायची माझ्याकडून राहून गेली. हे मी कुणापाशीच बोलले नाही.

मी चित्रातल्या बुटावर बोट ठेवलं.

"अगं, खळ ओली आहे! जा, सूप बघ, उतू जाईल."

सूप उतरवून आले, तर डावी लेस बांधलेली. दुहेरी गाठ, मी बांधायचे तशी.

"तू रेघ ओढलीस?"

"वेड लागलंय का तुला? मी कधी ओढतो?"

मी पुन्हा चित्रावर वाकले. आता उजव्या बुटाची लेस सुटत होती.