शालूबाईंची जागा

"दीक्षा, भिंत झाली की तुझी पोरगी वाचंल गं, पर माझ्या म्हशी कुठनं उतरायच्या? आनि मी कुठं बसू?" कालव्याच्या पायरीवर बसून शालूबाईंनी विचारलं होतं.

भिंतीच्या अर्जावर पहिली सही दीक्षाचीच. लेक नुकती चालायला लागली होती आणि खाली खेळायला सोडली की थेट पाण्याकडं. दोनदा तर शालूबाईंनीच तिला झबल्याला धरून मागं ओढलं होतं. तरी दीक्षा हसून म्हणाली, "मावशी, तुम्हाला कोण उठवतंय? तुम्ही तिथंच दिसाल की!"

आठ दिवस कागलला माहेरी राहून ती परतली, तर पायऱ्या आणि पाणी सगळं उंच भिंतीआड गेलेलं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतनं डोकावली, तर भिंतीच्या पायथ्याशी शालूबाई नेहमीसारख्या बसलेल्या, मागं दोन म्हशी. तिचा जीव भांड्यात पडला. दुपारी पुन्हा बघितलं, तरी म्हातारी तशीच, भर उन्हात. "हट्टी हाय नुसती!" असं पुटपुटत दीक्षा लेकीला कडेवर आणि ताकाचा तांब्या हातात घेऊन धावतच खाली गेली.



शालूबाई भिंतीवर रंगवलेल्या होत्या, म्हशींसकट, आणि खाली ठळक अक्षरांत 'आपला वारसा' असं लिहिलं होतं. खऱ्या शालूबाई तुमच्या गल्लीत कुठं दिसल्या, तर बऱ्या आहेत का तेवढं बघा हो; ताक अजून गार आहे.