थांबणारं पब्लिक

देवेशला गोव्याच्या महोत्सवात स्टेज मिळालं. हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला, कारण देवेशलाही ते अजून माहीत नव्हतं. तो धामापुरात, काजूच्या बागेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभा होता. फोनला रेंज तिथेच यायची, तीही डावा हात वर धरला तर.

पलीकडे महोत्सववाली शर्मिला होती. "ट्रॅक चांगलाय," ती म्हणाली. "पण तू वाजवलास की पब्लिक थांबतं का? थांबलेलं पब्लिक दाखव. व्हिडिओ पाठव, मग बोलू."

लॅपटॉपवर देवेश नाचाचं संगीत बनवायचा, पण ते ऐकून आजवर कोणी थांबलं नव्हतं. नांदगावच्या एका हळदीत त्याचा बेस सुरू झाला, तसे आधी म्हातारे उठले, मग पोरं, मग नवरा. शेवटी जनरेटरवाला गेला. जनरेटर घेऊन.

त्यात वडिलांची मुदत. काजूचा हंगाम संपेपर्यंत काही जमलं नाही, तर रेडी बंदरातल्या ऑफिसात मामाच्या हाताखाली चिकटायचं. देवेश रोज झाडावरचे काजू बघायचा. माकडं ते खात सुटली होती. म्हणजे मुदतही खात होती.

तो बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, शिरला आणि ट्रॅक लावला. आवाज जरा जास्तच वाढला. बेस कोसळला, तशी सगळी माकडं बोंडं टाकून पळाली.

देवेशनं ट्रॅक बंद केला. माणसं जायची, ते एक वेळ ठीक होतं.

वडील धावत आले. त्यांना सगळा गाव भाई म्हणायचा, देवेशसुद्धा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "झिला, इतको गुणाचो आसस, माका ठावकच नाय!"

भाईंनी स्पीकर काजूच्या झाडाला टांगला. ट्रॅक सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत वाजू लागला. शेजारचा धोंडू कौतुकानं म्हणाला, "आमच्या बागेक पण लाव मरे. तुझ्यासारखो पळवणारो दुसरो कोण नाय." देवेशची कारकीर्द सुरू झाली होती. फक्त उलट्या दिशेनं.

थोड्या दिवसांनी माकडं परत आली. पाहुणे घेऊन आली. फांद्यांवर ओळीनं बसली आणि बोंडं खात ऐकू लागली. बेस यायच्या आधी सगळी चिडीचूप. बेस आला की फांद्या गदागदा. ट्रॅक संपला की एक थोराड माकड खाली उतरून स्पीकरवर थाप मारायचं.

भाईंनी कपाळाला हात लावला. "ह्या काय केलंस रे? धोंडूकडची पण हयसरच इली!"

देवेश व्हिडिओ काढत होता. ट्रॅक संपेपर्यंत कोणी उठलं नाही. तो गडग्यावर चढला, डावा हात वर धरला आणि व्हिडिओ पाठवला.

शर्मिलाचा फोन लगेच आला. "स्टेज दिलं. मोठं. एकच अट. हेच पब्लिक पाहिजे."

"मॅडम, ती माकडं आहेत."

"दिसतंय मला. आमच्या पब्लिकपेक्षा बरी वागतात."

भाई गडग्याखाली उभे राहून ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. "उतर खाली. अर्ज लिही. मी सांगतंय."

वनखात्याकडे गेलेल्या त्या अर्जाचा शेवट असा होता: "सबब, मौजे धामापूर येथील समस्त माकडांना श्रोते म्हणून गोव्यास नेण्याची परवानगी मिळावी, तसेच अर्जदाराच्या वडिलांच्या आग्रहास्तव, सदर श्रोते परत आणण्याची अट घालण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."