घरचीच

"सर, आमचा कोको फक्त जिजावरच भुंकतो. आशागडहून रोज कामाला येते, आता घरचीच झालीय ती. पण ह्याच्या डोक्यात ते शिरतच नाही," मसोलीच्या सोनलताई म्हणाल्या.

मी कुत्र्यांना वळण लावतो, पण आधी घर बघतो. जिजा मागच्या पायरीवर बसून तिच्या वेगळ्या, कान तुटलेल्या कपातून चहा पीत होती. सोफ्यावरून कोको तिच्याकडे बघून गुरगुरत होता.

"ताई, कुत्रा तुमचंच बघून शिकतो. जिजाला रोज तुमच्यासोबत टेबलावर बसवा, तुमच्यातल्याच कपात चहा द्या. तो आपोआप गप्प होईल."

सोनलताईंनी कोकोचं डोकं मांडीवर घेतलं.



"राहू द्या, सर. भुंकू दे त्याला."