दिवेलागणीच्या आत

किनाऱ्यावरचे दिवे एकेक करून लागले आणि तिने कपाळावर हात मारला. आता आमचे हे फोन करणार. बचाव केंद्राची बोट भोंगा वाजवत येणार आणि आपल्या परवान्याचे तीन तेरा वाजणार.

ती खडकाच्या आडोशाला कयाकमध्ये बसली होती. बोट ठणठणीत, ती ठणठणीत, बाटलीत पाणी, डोक्याला दिवा. अडचण एवढीच, की ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडातून बाहेर धावत होतं आणि वर मतलई वारा सुटला होता, जमिनीकडून समुद्राकडे. अशा वेळी वल्हं मारून जीव काढण्यात अर्थ नसतो. भरती लागेपर्यंत गप्प बसायचं, मग पाणीच घरी नेऊन सोडतं. अर्धं आयुष्य समुद्रावर काढून ती हेच शिकली होती आणि क्लबात येणाऱ्या नवख्यांना हेच शिकवत होती. समुद्राशी भांडणारा दमतो आणि दमलेला बुडतो. त्यातून हा वारा महालबाड, असं ती सांगायची. जाताना पाठीवर हात ठेवून लाडाने नेतो, परत फिरलात की खरा रंग दाखवतो.

पण हे नवऱ्याला कोण सांगणार?

नवरा घड्याळजी. उशीर म्हणजे बिघाड, एवढंच त्याला ठाऊक. पाण्याची तर इतकी धास्ती, की अंघोळीची बादलीसुद्धा काठोकाठ भरायचा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिच्या बोटीला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. किनाऱ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणं मात्र अखंड चालू. ती दिवेलागणीच्या आत परतली नाही की केंद्राला फोन, हा त्याचा नेम.

दोनदा त्याने तो पाळला होता. पहिल्यांदा ती धक्क्यावर निवांत बोट धूत होती. दुसऱ्यांदा तर तिने त्याला स्वतः कळवलं होतं, की मी खडकामागे थांबलेय, काळजी नको. त्याने त्यातलं ऐकलं ते फक्त ‘खडक’. बचावाची बोट आली, आणि ज्या बाईने केंद्रातल्या निम्म्या पोरांच्या हातात पहिल्यांदा वल्हं दिलं, तिलाच कांबळ्यात गुंडाळून त्यांच्यासमोर काठावर आणलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. केंद्राने क्लबाकडे तक्रार केली. अध्यक्षांनी बोलावून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, की ताई, आणखी एकदा असं झालं तर तुमचा शिकवायचा परवाना रद्द. माझा नाइलाज आहे.

त्या दिवशी ती नवऱ्यावर ओरडली नाही. रडली. शिकवणं गेलं तर मी काय करू, तुमच्या दुकानात घड्याळांच्या काचा पुसत बसू, एवढंच म्हणाली. तो नुसता चष्मा पुसत राहिला. त्याच्या त्या पुसण्याचाही तिला संताप आला होता.

आणि आज पुन्हा ये रे माझ्या मागल्या. फोनला रेंज नाही. ती चडफडत कान देऊन बसली. भोंगा नाही. बोट नाही. दिवे लागून बराच वेळ झाला, तरी कुणी आलं नाही. देव पावला म्हणायचा. मग खडकाला वळसा घालून ती टोकापर्यंत गेली, तिथे एकदाची रेंज मिळाली. तिने फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

“कुठे आहेस?” नवऱ्याने विचारलं.

खरं सांगायची सोय नव्हती. मागच्या वेळी खरं सांगून तोंड पोळलं होतं.

“पोहोचले,” ती म्हणाली. “पलीकडच्या वाळूवर उतरलेय. बोट बांधून चालत येते, जरा वेळ लागेल.”

“नक्की जमिनीवर आहेस?”

“अहो, वाळू लागतेय पायाला.”

त्याला धाप लागलेली तिला ऐकू आली. मग म्हणाला, “बरं झालं. मी घरीच आहे. सावकाश ये.”

धाप का लागलीय, असं तिने विचारलं, तर म्हणे गच्चीवरून पळत आलो फोन घ्यायला. कानाशी पाणी खळखळत होतं. ते त्याला ऐकू जाईल म्हणून तिने घाईघाईने फोन बंद केला.

या वयात शाळकरी पोरीसारखं खोटं बोलायची पाळी यावी, याची तिला चीड आली. पण जरा वेळाने ती निवळली. काही झालं तरी त्याने केंद्राला फोन केला नव्हता. जिवाची किती घालमेल झाली असेल बिचाऱ्याची. घरी गेल्यावर आज एक शब्द वाकडा बोलायचा नाही, असं तिने ठरवलं.

पाणी फिरलं तशी ती निघाली. भरतीने तिला अलगद धक्क्याला आणून लावलं. क्लबाचा नवा रखवालदार टॉर्च घेऊन तिथेच उभा होता. आधी कुठल्याशा गोदामावर होता तो, बोटींतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने एका हाताने तिची बोट धरली, पण टॉर्च तिच्या मागच्या पाण्यावरच फिरवत राहिला.

“साहेब मागे राहिले का?”

“कोण साहेब?”

“तुमचे हो. दिवे लागले तेव्हा आले आणि तुम्हाला आणायला म्हणून ती लाल बोट घेऊन गेले. केंद्राला कळवू का, विचारलं, तर माझ्यापुढे हात जोडले.”

तिच्या हातातलं वल्हं तिथेच थांबलं. रखवालदार कौतुकाने पुढे सांगत होता.

“पहिल्यांदाच बसतोय म्हणाले, मला तर खोटंच वाटलं. काय झपाझप गेले, बघता बघता दिसेनासे झाले.”