लाल बटणाची पेटी

लेथ मशीन थांबवायचं लाल बटण पोरं येताजाता उगाच दाबायची, म्हणून प्रोजेक्टच्या गटाने त्यावर झकास जाळीची पेटी बसवली. "कुलूपही लावा, किल्ली माझ्याकडे राहील," वर्कशॉपचे सर म्हणाले.

गटातल्या बारकीला चैन पडेना. "पण सर, एकदम थांबवायची वेळ आली तर?"

"मतं घेऊ की. लोकशाही आहे!" सर हसले. बाकी सगळे हात कुलपाच्या बाजूने वर गेले. बारकी एकटी पडली. प्रोजेक्टच्या स्पर्धेत पेटीला पहिलं बक्षीस मिळालं, बारकीचा जीव मात्र त्या कुलपात अडकून राहिला.

आठवडाभरातच लेथ चालवून दाखवताना सरांचा ॲप्रन मशीनमध्ये अडकून गुंडाळत चालला. "बटण दाब, बटण!" ते ओरडले. बारकी कधीच पेटीशी पोचली होती. "सर, किल्ली?"



"ॲप्रनच्या खिशात!"